सोनाजीची कैफियत

सोनाजी कोणाच्याही दारात उभा राहिला की पाणी मागायच्या आधी सांगायचा, "मी सोनाजी. खून केलाय. आठ वर्षं जेल भोगलं. आता पाणी द्या."

परभणीवर निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. मी तिथल्या सरकारी शाळेत गणित शिकवायचो. त्याचं हे बोलणं आमच्या घरात पहिल्यांदा ऐकलं ते माझ्या बायकोनं. तिच्या हातातला तांब्या पडला. सोनाजीनं तो उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि उंबऱ्यावर ठेवून अदबीनं मागं सरकला. तो दारापर्यंत आला कधी, हेच तिला कळलं नव्हतं. त्याच्या पावलांचा आवाज होत नसे.

"अरे, हे सगळ्यांना सांगायची काय गरज?" मी विचारलं.

"मागून कळलं की माणूस दोनदा भितो, मास्तर. एकदाच भ्यालेलं बरं."

न्हाव्याला मात्र त्यानं दाढी निम्मी झाल्यावर सांगितलं. न्हाव्याचा वस्तरा हवेतच थांबला. सोनाजी तशीच अर्धी दाढी घेऊन माझ्याकडं गणित शिकायला आला. त्याला मॅट्रिक व्हायचं होतं. परीक्षा उर्दूतून असायची; उर्दू तो जेलमध्ये एका म्हाताऱ्या मौलवीकडून शिकला होता. अशी शुद्ध, की आमचे हेडमास्तर डोळे मिटून ऐकत बसायचे.

नोकरीसाठी मानवतच्या जिनिंगमध्ये गेला, पिंगळीच्या स्टेशनावर गेला. सगळीकडं आधी तीच ओळख, मग बाहेरचा रस्ता. शेवटी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना मुडदेघरासाठी माणूस हवा होता. तिथं कोणी टिकत नसे. डॉक्टर म्हणाले, "यहाँ किसी को एतराज नहीं होगा."

एतराज नव्हता, तरी सोनाजी विचारायचाच. एका दुपारी मी स्वतः ऐकलं. नव्या आणलेल्या प्रेतापुढं हात जोडून तो म्हणत होता, "मी सोनाजी. खून केलाय. हात लावू का?" मग थांबला. कान देऊन ऐकल्यासारखं केलं, मान हलवली आणि कामाला लागला. घरी येऊन मी दोनदा आंघोळ केली.

मॅट्रिकच्या अर्जाला नेकचलनीचा, म्हणजे चांगल्या वागणुकीचा, दाखला लागायचा, त्यावर प्रतिष्ठित माणसाची सही. मी आज दौत सांडली म्हणालो, उद्या अंग मोडून आलं म्हणालो. तिसऱ्या दिवशी घरात नाही असं बायकोकडून सांगवलं, आणि नेमका आत खोकलो.

"वहिनी," बाहेरून आवाज आला, "मास्तर न्हाईत तर त्यांच्या खोकल्याला सांगा, सोनाजी येऊन गेला."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तसाच बाहेर गेलो, त्याला रस्त्यात गाठलं आणि सही केली. सोनाजी पास झाला.

मग त्याला वकील व्हायचं होतं. हैदराबादच्या कॉलेजचा अर्ज आला. त्यात एक रकाना होता, कधी शिक्षा झाली आहे काय? मी म्हणालो, "कोरा सोड. कोण बघतंय?"

"कोरा सोडला तर केरबा मेलाच न्हाई, असं हुईल की. मग तो हाय कुठं?"

केरबा म्हणजे ज्याला त्यानं मारलं तो. दोघं गंगाखेडकडच्या एका गावचे, एका पाटीवर अक्षरं गिरवलेले. नावेत आधी कोणी चढायचं यावरून जुंपली आणि सोनाजीनं हातातलं वल्हं त्याच्या डोक्यात घातलं.

सोनाजीनं सुरेख अक्षरात 'हां' लिहिलं. अर्ज परत आला. दुसऱ्या वर्षी पुन्हा 'हां', पुन्हा परत. तिसऱ्यांदा चिठ्ठी आली की सजायाफ्ता, म्हणजे शिक्षा झालेल्या, माणसानं पुन्हा अर्ज करू नये.

कळल्यावर मी मुडदेघरात गेलो. ऐन दुपार होती. चादरीखाली दोन प्रेतं होती. सोनाजी स्टुलावर बसून चिठ्ठीची घडी घालत होता.

"वकील होऊन कुणाचा खटला लढणार होतास?"

"केरबाचा." त्यानं चिठ्ठी खिशात घातली. "कोर्टात समद्यांनी इचारलं, केरबा मेला कसा. तो होता कसा, ते कुणीच इचारलं न्हाई. मी सांगायला गेलो तर गप बसवलं. मारणाऱ्याचं कोण ऐकतंय? वाटलं, काळा कोट घालून उभा ऱ्हायलो तर ऐकतील."

"मला सांग," मी म्हणालो.

तो उठला. सदऱ्याची वरची गुंडी लावली, हात मागं बांधले आणि खणखणीत उर्दूत सुरू झाला, "जनाब-ए-आली!" केरबाच्या बापाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. गंगेला, म्हणजे आमच्याकडच्या गोदावरीला, पूर असताना कपड्यांचं गाठोडं एका हातात वर धरून तो पैलतीर कसा गाठायचा, ते सांगितलं. दारं-खिडक्या बंद होत्या, तरी एका चादरीचं टोक हलत होतं. मी बघितलं, त्यानंही बघितलं. तो थांबला नाही.

मग एकाएकी त्याची उर्दू संपली.

"लय हसायचा वो, मास्तर," तो म्हणाला. "लय हसायचा."