डोळ्याचा, कानाचा, हाताचा

आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजात गायकवाड मॅडम नव्या पोरांना नावगाव विचारत नाहीत. पहिल्याच तासाला त्या विचारतात, "क्रांती चौकातून गुलमंडीला कसं जायचं, सांगा बरं."

पोरं चक्रावतात. कुणी वहीत नकाशा काढतो, तो 'डोळ्याचा', म्हणजे बघून शिकणारा. कुणी "पैठण गेट लागंल, मग पुढं..." असं घडाघडा सांगतो, तो 'कानाचा'. एखादा उठून उभाच राहतो, "चला मॅडम, गाडीवर सोडतो." तो 'हाताचा', आणि मॅडमचा लाडका. त्याच्यासाठी त्या थर्मोडायनॅमिक्सच्या तासाला घरून कुकर आणतात. एकदा वास आला म्हणून प्राचार्य डोकावले, तर म्हणाल्या, "दाब शिकवतेय, सर. डाळ आपली फुकटात."

स्टाफरूममध्येही सुटका नाही. "सर, तुम्ही कानाचे. वहिनींनी सांगितल्याबिगर तुम्हाला काय कळतंय?" हे खरं असल्यामुळं मी गुमान चहा पितो.

या तिन्ही खान्यांत न बसलेली एकच पोरगी. शीतल, सिल्लोडकडच्या खेड्यातली. तक्ते झाले, समजावणं झालं, कुकरही झाला. पोरगी नापासच. एक दिवस ती स्टाफरूममध्ये आली. "मॅडम, मी कॉलेज सोडते."

"सोड. आधी सांग, गावाकडं अभ्यास कसा करायचीस?"

"मावशी मशीनवर कपडे शिवायची. मी तिच्या शेजारी बसायचे."

"ती समजावून सांगायची?"

"नाय. बोलायची बी नाय. नुसती असायची. इथं खोलीत एकटीला अक्षरच दिसत नाय."

मॅडमकडं याला नाव नव्हतं. दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर त्यांनी आपल्या टेबलाला दुसरी खुर्ची लावली. शीतल वाचायची, मॅडम पेपर तपासायच्या. तासाला घसा बसेपर्यंत बोलणारी बाई तिथं अवाक्षर काढायची नाही. वॉचमन किल्ल्या वाजवायला लागला की दोघी उठायच्या. असं पार शेवटच्या वर्षापर्यंत चाललं. शीतल चांगल्या मार्कांनी सुटली, वाळूजला नोकरीलाही लागली.

पेढे देऊन ती गेली, त्या संध्याकाळी मी म्हणालो, "मॅडम, सुटलात एकदाच्या! आता वेळेवर घरी जात जा."

मॅडम पेढ्याच्या कागदाला घड्या घालत राहिल्या.

"तिला वाटायचं, मी तिच्यासाठी थांबते," त्या म्हणाल्या. "घरी माझ्या शेजारी तरी कोण बसतंय, सर?"

मी निघालोच होतो. खांद्यावरची बॅग खाली ठेवली आणि खुर्ची ओढली.