दोन बोटांच्या मुद्रेची हकीकत

श्रीनाददेवतेस दंडवत, श्रोत्यांचे कान सलामत असोत. शके अठराशे एक्क्याण्णव, सौम्यनाम संवत्सरी, एके राज्यी रॉक संगीताचा गजर मातला, आणि तर्जनी व करंगळी उभी, मधली दोन बोटे अंगठ्याखाली दाबलेली, ऐसी जी मुद्रा ते लोक मिरवितात, ती कैसी उद्भवली ते लिहितो. गायक रंभाजीराव गर्जे यांचा यात लाभ म्हणावा तर पालखी, मानाची खुर्ची आणि 'मुद्राधिपती' हा किताब. खर्च म्हणावा तर काही नाही, बोटेसुद्धा दुसऱ्याची.

त्याचे ऐसे जाहले की, राजवाड्यापुढे जलसा भरला, आणि रंभाजीराव गिटार घेऊन गर्जत असता मागे ढोल बडविणारे अंबाजी ढोले यांस लघुशंकेची निकड लागली. त्या राज्याची रीत ऐसी की करंगळी दाखवून रजा मागावी, आणि रजेवाचून जो वादक उठेल त्याचा ढोल कायमचा जावा. मग अंबाजींनी करंगळी दाखविली. रंभाजीरावांनी तर्जनी दाखविली, म्हणजे आणखी एक गाणे.

"अहो राव, गाणे लांब आहे, दम आखूड आहे!"

"गप बडवा!"

मग अंबाजींनी करार पक्का करण्यास दोन्ही बोटे एकदम उंच धरिली, की एक गाणे आणि मग मी चाललो. रयतेस वाटले ही काही गूढ मुद्रा, आणि हजारो हात तैसेच वर जाहले, आणि ऐसी आरोळी उठली की रंभाजीरावांनी हुरूप येऊन आणखी तीन गाणी ओढली.

दुसरे दिवशी महाराजांनी पुसिले, "मुद्रा कोणाची?" रंभाजीराव वदले, "सेवकाची. आजी ऐशीच दोन बोटे धरून दृष्ट काढीत, त्यावरून स्फुरली." शाली वाटल्या जाणार हे हेरून शास्त्री मंडळींनी तर्जनी म्हणजे शिव आणि करंगळी म्हणजे शक्ती ऐसा अर्थ लाविला.

"राव, शक्ती कसली हो? तुम्हांस ठाऊक आहे ना?" अंबाजी कुजबुजले.

"चूप! ढोल प्यारा आहे की नाही?"

मग किताब देण्याचा दरबार भरला, आणि सरबत फार जाहले, आणि ऐन गाण्यात अंबाजींनी पुन्हा करंगळी दाखविली, तो महाराजांनी ती मुद्राच समजून, संतोषून स्वहस्ते दोन बोटे उभारिली, आणि सारा दरबार उभा राहून गर्जला, आणि रंभाजीरावांनी नवे गाणे धरिले. अंबाजी ढोलास बिलगून बसून राहिले. व्हावयाचे ते जाहले.

एकूण जमाखर्च ऐसा: किताब रंभाजीरावांस, शाली शास्त्र्यांस, मुद्रा रयतेस, आणि दरबारचा भरजरी गालिचा अंबाजींस; तो त्यांनी नदीवर नेऊन एकट्याने धुतला.