नागरिक-दुरुस्ती पंधरवडा

सरकार सर्वांचे असते आणि संकेतस्थळ सरकारचे असते. म्हणून संकेतस्थळ सर्वांचे असते. तरीही काही नागरिकांना ते वापरता येत नाही, याचे विभागाला फार वाईट वाटे. (वाईट वाटण्यासाठी स्वतंत्र उपसमिती होती.)

हॅलोताई त्या काही नागरिकांपैकी. जन्मापासून अंध, आणि निवृत्त होईपर्यंत टेलिफोन ऑपरेटर. सगळे जग त्यांनी कानांनीच पाहिलेले. आता तेच कान दगा देऊ लागले होते. दूरच्या शहरातली नात नुकती बोलू लागली होती. ती फोनवर काहीबाही बडबडे आणि हॅलोताईंना नुसती घरघर ऐकू येई. सरकारी श्रवणयंत्र मिळाले तर नातीचे बोबडे बोल ती बोबडी आहे तोवर ऐकता येतील, एवढीच त्यांची घाई. अर्ज फक्त ऑनलाइन होता.

अर्ज वाचून दाखवणाऱ्या संगणकाचा आवाज एवढा मोठा ठेवावा लागला, की शेजाऱ्यांना अर्ज तोंडपाठ झाला. शेवटच्या पायरीवर आपण यंत्र नसून माणूस आहोत, हे सिद्ध करायचे होते. सोय चोख होती. चित्रातली अक्षरे ओळखा. चित्र दिसत नसल्यास आवाज ऐका. आवाज ऐकू येत नसल्यास चित्र पाहा. (आवाजात खरखर मिसळलेली होती, सुरक्षेसाठी.) हॅलोताईंनी दोन्ही उपाय आलटून पालटून केले. शेवटी संकेतस्थळाने त्यांना यंत्र ठरवले, आणि यंत्राला श्रवणयंत्र देण्याची तरतूद नव्हती.

त्यांनी तक्रार केली. विभाग इतका तत्पर, की तपासणी पथक थेट घरी आले. पथकप्रमुखांनी आपल्या लॅपटॉपवर संकेतस्थळ उघडले. ते उघडले.

"साइट तर ठणठणीत आहे, ताई," ते ओरडून म्हणाले.

"मग बिघाड कुठंय?"

पथकप्रमुखांनी खोलीभर नजर फिरवली. खोलीत साइटखेरीज फक्त हॅलोताई होत्या.

तिथून विभागाचे धोरणच पालटले. संकेतस्थळ बदलायला निविदा लागते, नागरिक बदलायला लागत नाही. लगोलग 'नागरिक-दुरुस्ती पंधरवडा' जाहीर झाला आणि पथके घरोघरी जाऊन दोष नोंदवू लागली: बोट थरथरते. वाचायला वेळ लावतो. आडनाव चौकटीत मावत नाही. (एका गृहस्थांनी आडनावाची शेवटची दोन अक्षरे स्वखुशीने सोडली. त्यांचा सत्कार झाला.)

हॅलोताईंना डोळे किंवा कान, यांपैकी काहीही एक पंधरा दिवसांत दुरुस्त करून आणायला सांगण्यात आले. दोन्हींची सक्ती नव्हती. विभाग काही निर्दय नाही.

"अहो, कानासाठीच तर यंत्र मागतेय मी."

"मग कान बरा झाला की लगेच अर्ज करा. अजिबात थांबू नका."

मुदत संपली, त्यावर दोन वर्षेही सरली. नात आता स्पष्ट बोलते, असे लेक फोनवर ओरडून सांगते. बोबडी असताना ती आजीला काय म्हणत होती, ते राहूनच गेले. हॅलोताईंना ते फार लागले.

पंधरवडा मात्र यशस्वी झाला. सत्त्याण्णव टक्के नागरिक निर्दोष निघाले, आणि त्यांत तुम्हीही आहात. मागे साइटने तुमचा फोटो तीनदा परत केला, तेव्हा तुम्ही कुठे तक्रार केलीत? मुकाट्याने स्टुडिओत गेलात आणि साइटला आवडेल असा चेहरा काढून आणलात. विभागाने तुमची नोंद 'पथक न पाठवता दुरुस्त झालेला नागरिक' अशी केली आहे.