पोशा नाखव्याची मोडीत काढलेली गाडी

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. नवी मुंबई हे नाव तेव्हा कोणाच्या डोक्यातही आलेलं नव्हतं. करावे गावात एकच मोटारगाडी होती आणि तिचा मालक पोशा नाखवा ती रोज दोरखंडाने बांधून ठेवत असे. एक गाठ बंपरला, दुसरी धक्क्यावरच्या दगडी खुंटाला. मी शाळेवर नवीन मास्तर म्हणून आलो होतो. न राहवून विचारलं, "नाखवा, ही चोरून नेणार कोण?"

"चोराचं भ्या नाय, मास्तर. पान्याचं हाय. होरी काय नि गारी काय, मोकली ठेवली का गेली."

नाखव्याची हयात खाडीत गेलेली. होडीला जे, तेच गाडीला. पावसाळ्याआधी तो गाडीला खालून माशाचं तेल चोपडायचा. नारळी पौर्णिमेला आधी खाडीला नारळ, मग गाडीला. मात्र मासळी आत चढवायची नाही, हा कडक नियम. त्याच्याच मासळीच्या टोपल्या बैलगाडीतून पनवेलच्या बाजाराला जात आणि हा रिकाम्या मोटारीतून मागोमाग, बैलांच्या चालीने. गाव पोट धरून हसायचं. मीही हसायचो.

आषाढातल्या अमावास्येला मोठं उधाण आलं. पाणी धक्क्यावर चढलं, गाडी उचलली गेली आणि बांधलेली असल्याने कुठे जाईना. अख्खी भरती ती दगडांवर आपटत राहिली. मोकळी असती तर मागच्या शेतात जाऊन चिखलात रुतली असती, एवढंच. हे सगळ्यांना कळत होतं, पण नाखव्यापुढे बोलायची कोणाची छाती झाली नाही.

गाडीचा विमा होता. कंपनीचा साहेब आला, नाकाला रुमाल लावून गाडीभोवती फिरला, आणि आठवड्याभरात इंग्रजी पत्र आलं. नाखवा ते घेऊन माझ्याकडे आला. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीहून जास्त, म्हणून कंपनीने ती मोडीत काढली होती. किंमत देणार आणि गाडी घेऊन जाणार.

"म्हंजे मेली म्हनतान?"

"त्यांच्या लेखी, हो."

"हात तरी लावला का तिला? रुमाल नाकावरशी निंगाला नाय त्याचा!"

मी त्याला वाटा समजावून सांगितल्या. किंमत कमी वाटली तर मिस्त्रीकडून लेखी अंदाज घेऊन भांडता येतं. किंवा मोडकी गाडी आपणच ठेवायची, मग भंगाराचे पैसे कापून बाकीचे मिळतात. पण सही करण्याआधी ते कागदावर मागून घ्यायचं. "माझं ऐकाल तर," मी म्हणालो, "सगळे पैसे घ्या आणि मोकळे व्हा. ही गाडी आता चालायची नाही."

नाखवा पत्र घेऊन घरी गेला. साहेब कागद घेऊन आला तेव्हा मात्र त्याने अंगठा मुठीत धरला. "साहेब, होरीची फली कुजली तं आमी फली बदलतो. होरी नाय टाकीत. गारी मना ठेवाची हाय."

"अहो, पण दुरुस्त कोण करणार?"

"आमचा सुतार."

साहेब खो खो हसला. मला त्या हसण्याचा भयंकर राग आला. इतके दिवस मीही हसत होतो, पण माझं हसणं घरचं होतं. तिथल्या तिथे मी माझ्या ठेवणीतल्या इंग्रजीत अर्ज लिहिला: गाडी मालकाकडेच राहील. नाखव्याने त्याखाली अंगठा उठवला.

होड्या बांधणाऱ्या सुताराने सागाचा दरवाजा बसवला, फटींत कापूस आणि राळ ठासली. पनवेलच्या मिस्त्रीने इंजिन सुटं करून महिनाभर साफ केलं. दिवाळीत गाडी खोकत खोकत सुरू झाली, तेव्हा अख्खं गाव धक्क्यावर लोटलं होतं. नाखवा स्टिअरिंगमागे असा ताठ बसला होता की मलाच अभिमानाने भरून आलं. अर्ज माझा होता, हे मी चार जणांना सांगितलंही.

चारच दिवसांनी, भर दुपारी, शेजारची सून बाळंतपणात अडली. ओहोटी होती. होड्या चिखलात आडव्या पडलेल्या. नाखव्याने तिला मागच्या सीटवर निजवलं, सुईणीला तिच्या उशाशी बसवलं, मला पुढे घेतलं आणि पनवेलचा दवाखाना गाठला. "या गारीन अशा किती अरलेल्या पोरी नेल्यान यानं," सुईण वाटेत म्हणाली. मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

मुलगी झाली, बाळबाळंतीण सुखरूप. निरोप द्यायला मी बाहेर आलो, तर नाखवा मागच्या सीटवर बसलेला. तिथे बसलेलं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"माझी बायको, भागी, अशाच ओहोटीला अरली व्हती," तो म्हणाला. "होरीत घातली, होरी चिखलात रुतली. पानी येयाची वाट बघत बसलो. पानी आलं, मास्तर. लय उशिरा आलं. गारी घेतली ती त्याच्या म्होरच्या साली."

तो सीटच्या अगदी कडेला सरकला आणि रिकाम्या जागेवरून सावकाश हात फिरवत राहिला.

"हितं पाय लांब करून निजली असती," तो म्हणाला.