शेवटच्या दगडाचा गाववाला

तलासरीचे रमणकाका लढाई शिट्टीवर सुरू करतात. चारोटी नाक्यावर पाहुणे जमले की या निवृत्त एसटी कंडक्टरची जुनी शिट्टी वाजते. "चला, रणांगणवाले पुढे सरका. तोफ, खंदक, समाध्या. मधे कुठे थांबणार नाही."

थांबतात सगळीकडे. मागच्या माळावर मराठे आणि फिरंगी कधीतरी लढले, एवढंच लोकांना ठाऊक. काकांना मात्र कोण कुठे शिंकलं तेही ठाऊक. "इथे फिरंग्यांचा कप्तान घसरला. शेणावर. सांभाळून या ताई." एकाने विचारलं, शेण तेव्हाचंच का? काका म्हणाले, "जागा तीच आहे."

मला हे सहन होत नाही. मी मसोलीची, खोट्या इतिहासाविरुद्ध पत्रकं वाटते. पुरावा नाही, कागद नाही, नुसती शिट्टी. पण खरं डोकं फिरलं ते समाध्यांपाशी. तिथे अकरा दगड, एकावरही नाव नाही. माझ्या पहिल्या फेरीला काकांनी शेवटच्या दगडाशी टोपी काढली. "हा मसोलीचा. एकुलता एक होता." माझे डोळे भरले. पिशवीतला चिकू मी तिथे ठेवला.

पुढच्या रविवारी तोच शिपाई वापीचा निघाला. त्याच्या पुढच्या रविवारी नाशिकचा. निघण्याआधी काका सगळ्यांना "कुठले तुम्ही?" का विचारतात, ते तेव्हा कळलं.

मी पत्रक छापलं: 'मेलेल्यांच्या नावाने थापा बंद करा.' पहिली प्रत त्यांच्याच हातात दिली. म्हटलं, रविवारी नाक्यावर वाटणार, मग तुमच्या फेरीला कुत्रंही येणार नाही.

त्यांनी ते तिकीट तपासावं तसं उलटसुलट पाहिलं. "बरोबर लिहिलंयस पोरी. थापाच मारतो मी. पण गाववाला म्हटलं की माणूस वाकतो. नाहीतर दगडाचा फोटो काढतो नि जातो."

"म्हणून खोटं बोलायचं?"

ते शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. "माझा धाकटा भाऊ फौजेत होता. बर्फात गेला, सापडलाच नाही. तिथेही कुणी माणसं फिरवत असेल ना. तलासरीचं कुणी आलंच, तर त्याने सांगावं, हा तुमचा."

रविवारी मी पत्रकांची पिशवी घेऊनच गेले. इंदूरचं एक कुटुंब आलं होतं. शेण झालं, तोफ झाली. शेवटच्या दगडाशी काकांनी टोपी काढली, माझ्याकडे पाहिलं आणि गप्प उभे राहिले. इंदूरच्या आजोबांनी मोबाइल वर केला.

"हा तुमच्या इंदूरचा," मी म्हणाले. "एकुलता एक होता. चिकू आहे का कुणाकडे?"