चिमाबाईची टोपली

श्रीकुलस्वामिनीस स्मरोन, पाहिले आणि ऐकिले तितकेच येथे लिहिले आहे. शके १९४६ क्रोधी नाम संवत्सरे, पौष मासी दाभणेकरांचे राज्यात कुलवृत्तांत छापावयाचा निश्चय जाहला आणि मंगल कार्यालयी दरबार भरला. मग अध्यक्ष विश्वासराव उच्चासनी बसोन आज्ञा करिते जाहले की, मूळपुरुष राघोबाजी दुष्काळाचे साली कुलदेवीचे टाक डोईवर घेऊन घाट उतरले आणि वंश वाढविला. जे आडनाव डाभणकर लिहितात ते परके, त्यांची शाखा गाळावी. हे ऐकोन डाभणकरांचा हेरंब पायताण शोधू लागला, आणि सगुणाआक्का, वये चौऱ्यांशी, राघोबाजींची सख्खी नात, परंतु ग्रंथी नाव केवळ 'कन्या तिसरी', संतापोन उभ्या राहिल्या.

"विश्वास, तुझ्याच ग्रंथी राघोबाजींचा जन्म शके १७९७ आणि घाट उतरले १७९८ त. वर्षाचे पोर डोईवर देव घेऊन चालले काय रे?"

दरबार हसला. राव म्हणाले, "आक्का, दंतकथेत हिशेब पाहात नाहीत."

"मग डाभणकरांपाशीच कसा पाहतोस?" आणि हेरंबास पुसिले, "बाबा, अष्टमीस देवांशेजारी तुमच्यात काय ठेवितात?"

"टोपलीत तान्ह्या पोराची कुंची. का, ते कोणास ठाऊक नाही."

तेव्हा दरबारी कुजबुज उठली. कारण घरोघर दाभणेकर तेच ठेवीत आणि का ते कोणी पुसिले नव्हते. मग आक्का कडाडल्या, "आजोबांची आई चिमाबाई! एकाच टोपलीत देव आणि पोर घालोन ती एकटी घाट उतरली. आजोबा कुंचीस हात लावोन सांगत आणि डोळे पुशीत. तुम्ही पोरास पराक्रमी केलेत आणि आईस पुसून टाकिलीत!"

राव म्हणाले, "पुढील आवृत्तीत पाहू." तो आक्का छापखान्यास जावयाचे कागद मांडीखाली घेऊन खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "मला उचला, मग छापा." जेवणाची पाने वाढिली, मठ्ठा आला, तरी उठल्या नाहीत. मग हेरंबाने पायताण काढिले आणि आक्कांशेजारी येऊन बसला. अखेर रावांनी स्वहस्ते दुरुस्ती केली.

"आणि माझे नाव सगुणा लिही. कन्या तिसरी म्हणून हाक मारलीस तर मी ओ देणार नाही."

सारांश, डाभणकर पंगतीस बसले, वंशाचे मुळाशी चिमाबाई आल्या, आणि राघोबाजी तूर्त टोपलीत आहेत.