सात वाजताचं परमिट

आमच्या शेजारी हरीकाका पाटलांकडे संध्याकाळची मालिका लागायच्या आधी काकीला वहीत सही करावी लागते. वेळ टाकून. सही नाही तर आवाज नाही, नुसती तोंडं हलताना बघायची.

हरीकाका मूळ कामोठे गावातलेच. नोकरी लाइनमनची. खांबावर चढायचं तर आधी शटडाऊनचं परमिट घ्यायचं, म्हणजे खाली कोणी चुकून लाइन चालू करत नाही. काम झालं की परमिट परत. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण काका अजून परमिटवरच जगतात. काकीने मिक्सर लावला तरी आतून आवाज येतो, "परमिट घेतलंस का गो?" सोसायटीच्या सेक्रेटरीने पाण्याची टाकी धुवायला काढली, तेव्हा त्यालाही विचारलं. त्याला वाटलं महापालिकेचं लागतं. बिचारा दोन दिवस थांबला.

वहीचं कारण मात्र स्पीकर. काकांकडे वॉल्व्हचा अॅम्प्लिफायर आहे. तरुणपणी गावातल्या हळदींना लाऊडस्पीकर लावायचे, तेव्हाचा. चालू केला की काचेचे वॉल्व्ह हळूहळू निखाऱ्यासारखे लाल होतात. काका त्याला "म्हातारा" म्हणतात. मुलगा परदेशी जाताना टीव्हीसाठी होम थिएटरचा रिसीव्हर ठेवून गेला. तो "डबा". आणि या दोघांत मिळून स्पीकरची जोडी एकच. काकांनी स्वतः प्लायवूडची बनवलेली, कपाटाएवढी. सकाळी म्हाताऱ्यावर भजनं, संध्याकाळी डब्यावर मालिका. मधे कपाटामागे जाऊन वायरी बदलायच्या.

"स्पीकर काढून म्हातारा चालू ठेवला तर म्हातारा जलतो. दोघं एकदम जोडले तर डबा जलतो," काका मला समजावत. "म्हनून परमिट."

मी आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट. बी.एस्सी., फिजिक्स, फर्स्ट क्लास. मला हे कोणी समजावलेलं चालत नाही. म्हटलं, "काका, दुसरी जोडी घ्या ना. टेन्शन संपलं."

"ठेवू कुठं? तुझ्या डोक्यावर?"

मग एका रविवारी मी बसून एक खटक्याची डबी बनवली. खटका डावीकडे, स्पीकर म्हाताऱ्याला. उजवीकडे, डब्याला. दोन्ही एकदम लागणं अशक्य. वर म्हातारा चुकून चालू राहिला तरी जळणार नाही, अशी आत सोय. वही नको, सही नको, वायरी नको. काकांनी डबी उलटीसुलटी करून पाहिली. "काम सफाईचं हाय," म्हणाले. त्यांच्याकडून हे म्हणजे सुवर्णपदक.

तिसऱ्या दिवशी डबी परत.

"आवाज खाते," काका म्हणाले.

"कशी खाईल? आत साधी तांब्याची वायर आहे!"

"खाते म्हनजे खाते."

फर्स्ट क्लासचा एवढा अपमान कोणी केला नव्हता. दुसऱ्या दिवशी डबी आणि मीटर घेऊन पावणेसातला त्यांच्या दारात हजर. दार उघडंच होतं. दोघं टीव्हीच्या कपाटामागे खाली बसलेले, गुडघ्याला गुडघा लावून. काकांच्या हातात वायरी, काकीच्या हातात टॉर्च.

"म्हातारा बंद?"

"बंद."

"डबा बंद?"

"बंद."

"कर सही."

काकीने सही केली. मग काका एक एक वायर इतक्या सावकाश काढायला लागले की तेवढ्यात मी दोन फ्लॅटचं वायरिंग केलं असतं.

"दुपारी पोराचा फोन आलेला," काकी म्हणाली.

"हं. बत्ती इकडं धर."

"सर्दी झाली म्हनतो. थंडी लय हाय तिकडं."

"हं." वायर होती तिथेच राहिली. "मला काय इचारलं का?"

"इचारलं ना. बाबा अजून वायरी बदलतात का म्हनून."

काका हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. एरवी त्या घरात दिवसभर टीव्ही किंवा भजनं, आणि दोघं दोन खोल्यांत. मुलगा फोन करतो तोही आईलाच.

तेवढ्यात माझं लक्ष टॉर्चकडे गेलं. "काकी, टॉर्च पेटलेलाच नाही."

"सेल कदीच संपलेत," काकी सहज म्हणाली.

"मग?"

"परमिट चालू हाय," काका ओरडले. "मधी बोलू नको!"

मी मीटर धरून दारातच थांबलो. पाच मिनिटांचं काम वीस मिनिटं चाललं. त्यात काकीचा गुडघा, भाचीची हळद, महागलेली कोलंबी, सगळं झालं. मालिकेचा सुरुवातीचा भाग बुडाला, पण काकीची तक्रार दिसली नाही. शेवटी काकांनी वहीत "परमिट रिटर्न" लिहिलं आणि हात धरून काकीला उठवलं.

काकीने माझ्या हातातल्या मीटरकडे पाहिलं, मग डबीकडे.

"काय रं, खरंच खाते का ती आवाज?"

काका पाठ करून उगाच म्हाताऱ्यावरची धूळ पुसत होते.

बी.एस्सी., फिजिक्स, फर्स्ट क्लास. तरी म्हणालो, "खाते, काकी. बराच खाते."